मूळ पोस्टर की नवे चित्र? डिस्कच्या मुखपृष्ठाची कोणती बाजू बाहेर ठेवावी

जुना प्रोजेक्टर, पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंग्लंडहून मागवलेली एक ब्लू-रे गेल्या आठवड्यात हाती आली आणि तेव्हापासून आमच्या घरी एक क्षुल्लक वाद चालू आहे. तो येथे मांडावा असे वाटले. चित्रपट १९७० च्या दशकातला इटालियन रहस्यपट आहे. डबीच्या पारदर्शक आवरणात सरकवलेला कागद दोन्ही बाजूंनी छापलेला आहे. बाहेरच्या बाजूला आजच्या एका चित्रकाराकडून मुद्दाम काढून घेतलेले नवे चित्र आहे, तर आतल्या बाजूला चित्रपट प्रथम लागला तेव्हाचे पोस्टर. ज्याला जी बाजू आवडेल ती त्याने बाहेर ठेवावी, अशी ही सोय. अ‍ॅरोसारख्या ब्रिटिश प्रकाशकांनी ही पद्धत इतकी रुळवली आहे की कागद एकाच बाजूने छापलेला निघाला तर आपल्यापैकी अनेकांना आता चुकल्याचुकल्यासारखे होते.

मी डबी उघडली, नखाने कागदाची कड सोडवली, तो अलगद बाहेर ओढला आणि उलटा करून पुन्हा सरकवताना खालचा डावा कोपरा दुमडला. जेमतेम दोन मिलिमीटरची घडी आहे, पण ती दिसते. निदान मला तरी दिसते. सौ. म्हणाल्या, "कपाटात लावल्यावर फक्त कणा, म्हणजे डबीची अरुंद कड दिसणार, मग पुढे कोणते चित्र आहे याने काय फरक पडतो?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. या धाग्याच्या निमित्ताने ते शोधत आहे.

माझा पक्ष मूळ पोस्टरचा आहे. पोस्टर हे चित्रपटाच्याच काळात, त्याच बाजारात आणि त्याच प्रेक्षकाकडे पाहून तयार झालेले असते, त्यामुळे तो चित्रपटाच्या कागदपत्रांचाच एक भाग आहे असे मी मानतो. आपल्याकडे तर हे नाते फार जुने आहे. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवणारे बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत असत, आणि आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांमध्ये सर्वांत जुने मानले जाते ते त्यांच्याच 'कल्याण खजिना' या १९२४ सालच्या चित्रपटाचे. सत्यजित राय यांचेही तसेच. जाहिरात संस्थेत नोकरी आणि सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे अशी तयारी करून ते दिग्दर्शनाकडे आले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरे व अक्षररचना स्वतः करत राहिले. ज्या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटाचे दर्शनी चित्र स्वतःच काढून ठेवले आहे, त्याच्या डिस्कवर दुसऱ्याने नवे चित्र काढणे हे मला घरमालक घरात असताना दारावरची पाटी बदलण्यासारखे वाटते.

नव्या चित्रांपेक्षाही माझा खरा राग आहे तो तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे नटनट्यांची मुंडकी कापून, मागे निळे-केशरी आभाळ लावून संगणकावर जुळवलेल्या मुखपृष्ठांवर. पन्नास वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट असला तरी मुंडक्यांची ही जत्रा भरतेच.

आपण कोणती बाजू बाहेर ठेवता? आणि मूळ पोस्टरापेक्षा सरस ठरलेले एखादे नवे चित्र आपल्या पाहण्यात आहे का?

निळी शाई, मुंबई

धागा आवडला, पण पूर्ण सहमत नाही. मी बरीच वर्षे छपाई आणि मांडणीच्या कामात आहे, त्यामुळे भावनेपेक्षा मोजपट्टी आधी हातात घेते.

अमेरिकन पोस्टर साधारण २७ × ४० इंचांचे असते. डीव्हीडीच्या मुखपृष्ठाची पुढची बाजू सुमारे १३ × १८ सेंटिमीटर, म्हणजे प्रमाण जवळपास तेच. पोस्टर लहान केले की ते थोड्याफार फरकाने बसत असे. ब्लू-रेची डबी आली आणि रुंदी तेवढीच ठेवून कागदाची उंची १५ सेंटिमीटरच्या आत गेली, कारण डबी मुळात बुटकी आणि वर निळी पट्टी. उंचीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. आता पोस्टर एक तर डोक्याकडून कापा, नाही तर पायाकडून. आणि पायाशी तर चित्रपटाचे नाव असते. ब्रिटिश पोस्टरांची गोष्ट आणखी अवघड, कारण ती आडवी असतात, ४० × ३० इंचांची. ग्रॅहम हम्फ्रीज यांनी १९८३ साली 'द ईव्हिल डेड' या भयपटासाठी काढलेले ब्रिटिश पोस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते उभ्या चौकटीत कसे बसवायचे याचा विचार करून पाहावा. चित्र तेच ठेवले तरी रचना नव्याने करावीच लागते. तेव्हा 'मूळ पोस्टर' म्हणून आपण जे बाहेर ठेवतो ते पुष्कळदा मूळ पोस्टराचा कापलेला तुकडा असतो, हे आधी मान्य करू या.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही, अशा रस्त्यावरच्या माणसाशी पोस्टर बोलते. त्याला थांबवायचे, भुलवायचे आणि तिकीट काढायला लावायचे, एवढेच त्याचे काम. संग्राहक डिस्क विकत घेतो तेव्हा त्याने तो चित्रपट बहुधा आधीच पाहिलेला असतो, काही वेळा पाच-दहा वेळा. त्याला भुलवण्याची गरज नसते, म्हणून त्याच्यासाठी चित्र काढणारा आडवळणाने बोलू शकतो. सॅम्युएल फुलर यांच्या 'शॉक कॉरिडॉर' आणि 'द नेकेड किस' या चित्रपटांची मुखपृष्ठे क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-प्रकाशकाने २०११ साली डॅनियल क्लाउज या कॉमिक्सकाराकडून काढून घेतली. ती पाहताना एका कलावंताने दुसऱ्या कलावंताचे केलेले वाचन समोर ठेवल्यासारखे वाटते. अशी सोय पोस्टर काढणाऱ्याला कधीच नव्हती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : 'हाउस' हा १९७७ चा जपानी चित्रपट. सॅम स्मिथ यांनी काढलेला केशरी-काळा मांजराचा चेहरा आज त्या चित्रपटाची ओळख होऊन बसला आहे. टी-शर्टांवरसुद्धा तोच दिसतो. मूळ जपानी पोस्टर डोळ्यांसमोर आणायला मला थांबून आठवावे लागते.

बोरीबंदर

मुंडक्यांच्या जत्रेला माझेही अनुमोदन. त्यात एका प्रकाराची भर घालतो, ती म्हणजे शेवट फोडणारी मुखपृष्ठे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९६८) या चित्रपटाच्या कित्येक आवृत्त्यांवर अगदी अखेरच्या दृश्याचेच चित्र छापलेले आहे. ते चित्र कशाचे आहे हे मी येथे लिहीत नाही, कारण मुखपृष्ठ करणाऱ्यांनी केलेली चूक निदान मी तरी करू नये. 'निळी शाई' यांचे म्हणणे खरे धरले, की डिस्क घेणाऱ्याने चित्रपट पाहिलेलाच असतो, तर ही चूक मग चूकच राहत नाही. पण घरात एकटा संग्राहकच राहत असतो का?

इसारकाठ, म्युनिक

पुण्यामुंबईच्या मंडळींना उलटता येणारा कागद ही चैन वाटत असेल. आमच्याकडे जर्मनीत त्यामागे कायदा आहे.

येथे प्रत्येक डिस्कवर वयोगटाचा शिक्का असतो. शून्य वर्षे असेल तर पांढरा, ६ साठी पिवळा, १२ साठी हिरवा, १६ साठी निळा आणि १८ साठी लाल. पूर्वी तो लहान आणि बहुधा मागच्या बाजूला असे. २००८ साली युवा संरक्षण कायद्यात बदल झाला आणि तो पुढच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, कमीत कमी १२०० चौरस मिलिमीटर एवढा असलाच पाहिजे असे ठरले. म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे साडेतीन सेंटिमीटरची असा चौकोन. 'निळी शाई' यांनी दिलेल्या १३ × १५ च्या कागदावर तो ठेवून पाहा. एखाद्या हळुवार कौटुंबिक चित्रपटाच्या धूसर, राखाडी मुखपृष्ठावर झळझळीत हिरवा शिक्का बसलेला पाहिला की अन्नात खडा लागल्यासारखे होते.

येथील संग्राहकांनी आरडाओरडा केला आणि प्रकाशकांनी तोडगा काढला. कागदाच्या आतल्या बाजूला तेच मुखपृष्ठ शिक्क्याशिवाय छापायचे. दुकानात शिक्का बाहेर आणि घरी नेल्यावर ज्याने त्याने कागद उलटायचा. डबीच्या पाठीवर 'वेंडेकव्हर', म्हणजे उलटते मुखपृष्ठ, असे लिहिलेले आहे का हे पाहून येथे लोक डिस्क घेतात. माझ्या कपाटातले दोनशेहून अधिक कागद मी स्वतः उलटलेले आहेत. त्यामुळे 'कोणती बाजू बाहेर' हा प्रश्न मला पडतच नाही. आतली, नेहमी आतली.

जुना प्रोजेक्टर, पुणे

इसारकाठ, दोनशे कागद! आणि माझा पहिल्याच कागदाला कोपरा दुमडला.

निळी शाई, तुमचे मापाचे गणित मी डबीवर फूटपट्टी ठेवून पडताळले आणि ते बरोबर निघाले. तरीही एक शंका उरतेच. लहान केल्याने सगळीच पोस्टरे मरत नाहीत. अमेरिकन डिझाइनर सॉल बास यांनी १९५९ साली 'अ‍ॅनाटमी ऑफ अ मर्डर'साठी तुकड्यातुकड्यांत कापलेली जी मानवाकृती केली, तीच क्रायटेरियनने आपल्या आवृत्तीवर घेतली आणि ती तळहाताएवढ्या आकारातही तितकीच ठसठशीत दिसते. तेव्हा दोष आकाराचा कमी आणि चित्रात किती गर्दी केली आहे याचा अधिक, असे मला वाटते. पोस्टर पाहिलेल्यांसाठी नसून न पाहिलेल्यांसाठी असते, हा तुमचा मुद्दा मात्र मला चावला आहे. त्यावर विचार करून लिहितो.

गिरगावकर

मंडळी क्रायटेरियन आणि अ‍ॅरोच्या गप्पा मारत आहेत, पण आपल्यापैकी किती जणांचा संग्रह तेथून सुरू झाला? माझा तर अठ्ठावीस रुपयांपासून झाला. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा पदपथावरची चोरटी प्रतसुद्धा महाग वाटू लागली. त्या किमतीत चित्रकाराला बोलावून नवे मुखपृष्ठ काढून घेणे कुणाला परवडले असते? जे हाताशी असेल ते छायाचित्र घ्यायचे, वर नाव टाकायचे, कोपऱ्यात किंमत छापायची आणि माल दुकानात पाठवायचा. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. ज्या घरात कधी पुस्तकांचेही कपाट नव्हते तेथे चित्रपटांचे कपाट उभे राहिले, ते त्या किमतीमुळे.

दोष देतो तो निष्काळजीपणाला. माझ्याकडे १९८० च्या दशकातल्या एका मराठी विनोदी चित्रपटाची व्हीसीडी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. मुखपृष्ठावर जे जोडपे बागेत उभे आहे, त्यातली नायिका या चित्रपटात नाहीच. मी पहिल्यांदा तो चित्रपट पाहताना मध्यंतरापर्यंत तिची वाट पाहिली. मध्यंतरानंतर दुसरी डिस्क घातली आणि तेव्हा लक्षात आले की हे छायाचित्र दुसऱ्याच चित्रपटातले आहे. त्याच डबीच्या मलपृष्ठावर गाण्यांची यादी आहे आणि तीत एक गाणे दोनदा आहे. दुसऱ्या एका चित्रपटात पुढे नाव कमावलेला एक नट जेमतेम तीन मिनिटे हवालदार म्हणून येतो. व्हीसीडीवर सगळ्यांत मोठा चेहरा त्याचा. खरा नायक त्याच्या खांद्यामागून डोकावतो.

आपल्याकडच्या मलपृष्ठाचा आणखी एक गुण सांगतो. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२अ नुसार, म्हणजे १९८४ च्या दुरुस्तीपासून, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत आणि हक्कधारकाचे नाव व पत्ता कव्हरवर छापावा लागतो. म्हणून आपल्या जुन्या डब्यांच्या पाठीवर ते इवलेसे, भिंग लावूनही न वाचता येणारे प्रमाणपत्र असते. इतरांना ती अडगळ वाटते. मला मात्र कधी कधी त्यावरून चित्रपटाची मूळ लांबी कळली आहे आणि डिस्कमधून दहा-पंधरा मिनिटे कापली गेल्याचेही. मुखपृष्ठाने खोटे सांगितले तरी मलपृष्ठाने खरे सांगितले, असे पुष्कळदा झाले आहे.

राहता राहिला तुमचा प्रश्न. दिवाकर करकरे यांनी रंगवलेले 'दीवार'चे (१९७५) पोस्टर मला चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानात पाहायला मिळाले होते. नंतरची छपाई होती, तरी किंमत ऐकून मी ते फक्त पाहूनच परतलो. त्या हाताने रंगवलेल्या चेहऱ्यासमोर कुठलेही संगणकीय मुंडके फिके पडते, त्यामुळे मत तुमच्याच बाजूने. पण आतली बाजू छापलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले होते की छपाईत चूक झाली आहे.

वाटसरू, लंडन

१९८४ हे साल गिरगावकरांनी काढले म्हणून लिहितो. त्याच वर्षी येथे व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला आणि त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी मुखपृष्ठेच होती.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये व्हीएचएस कॅसेटवर कोणतेही वर्गीकरण बंधनकारक नव्हते. चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला परीक्षण होते, कॅसेटला नव्हते. लहान कंपन्यांनी स्वस्तातले भयपट आणले आणि ते खपवायला भडक वेष्टने केली. त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध 'द ड्रिलर किलर' या चित्रपटाचे. माणसाच्या कपाळात ड्रिल घुसत आहे, असे ते चित्र. १९८२ साली ते व्हिडिओच्या मासिकांत पानभर जाहिरात म्हणून छापले गेले आणि तक्रारींचा पाऊस पडला. वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टी', म्हणजे ओंगळ व्हिडिओ, हा शब्द रूढ केला, सरकारी अभियोक्त्यांनी संशयित चित्रपटांची यादी केली. वेगवेगळ्या वेळी त्या यादीत मिळून ७२ चित्रपट होते आणि त्यांपैकी ३९ वर खटले यशस्वी झाले. 'निळी शाई' यांनी उल्लेखलेला 'द ईव्हिल डेड'ही त्या यादीत होता. गंमत अशी की 'द ड्रिलर किलर' प्रत्यक्षात पाहिला तर तो त्या वेष्टनाइतका रक्तबंबाळ नाहीच; न्यूयॉर्कमधल्या एका कफल्लक चित्रकाराच्या डोक्यात हळूहळू होत गेलेल्या बिघाडाचा तो चित्रपट आहे. यादीत नाव जाण्यास चित्रपटापेक्षा त्याचे वेष्टन अधिक कारणीभूत ठरले, असे म्हणायला जागा आहे.

आता विनोद पाहा. त्या काळात ज्या वेष्टनांवर पोलीस धाडी घालत होते, तीच आज संग्राहकांसाठी काळजीपूर्वक स्वच्छ करून पुन्हा छापली जातात आणि लोक जास्त पैसे मोजून घेतात. हम्फ्रीज स्वतः आज अशा पुनःप्रकाशनांसाठी नवी मुखपृष्ठे काढतात. म्हणजे 'मूळ' आणि 'नवे' हे दोन पक्ष एकाच माणसाच्या हातात आले आहेत. जुना प्रोजेक्टर, अशा वेळी आपण कोणती बाजू बाहेर ठेवाल?

मांडवीतीर, पणजी

तुमच्या सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे कुणी वळलेच नाही. कपाटात फक्त कणाच दिसतो, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. माझ्या मते संग्राहकाचे खरे मुखपृष्ठ म्हणजे कणा. दिवसातून दहा वेळा नजर जाते ती त्या दीड सेंटिमीटरच्या पट्टीवर.

क्रायटेरियनने कण्यावर क्रमांक टाकायला सुरुवात केली आणि लोकांना वेड लावले. पहिला क्रमांक 'ग्रँड इल्युजन', दुसरा 'सेव्हन सामुराई', आणि मग पुढे एक हजारांच्या पार. मधला एखादा क्रमांक नाही म्हणून नावडता चित्रपटही विकत घेणारे लोक मला माहीत आहेत; त्यांतला एक मी. २००६ साली डिझाइनर पॉला शेर यांनी त्या कंपनीचे बोधचिन्ह बदलले आणि कण्यांची मांडणीही बदलली. तेव्हापासून माझ्या फळीवर मधोमध एक रेघ पडल्यासारखी दिसते. नवे चिन्ह चांगले आहे, पण फळी दुभंगली ती दुभंगलीच. दुसरी कुरकुर अक्षरांच्या दिशेची. काही युरोपीय प्रकाशक कण्यावरची अक्षरे खालून वर लावतात आणि ब्रिटिश-अमेरिकन वरून खाली, त्यामुळे नावे वाचताना मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलवावी लागते.

आणि ऊन. माझे कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर होते. चार वर्षांत लाल कणे विटून फिकट झाले, पिवळे जवळजवळ गेले आणि उरला तो सगळीकडे एक निळसर-काळा रंग. छपाईतल्या किरमिजी आणि पिवळ्या शाया उन्हात आधी जातात, निळी आणि काळी टिकतात, हे मला नंतर कळले. 'निळी शाई' हे नाव घेणाऱ्या ताईंना ते आधीच माहीत असणार. आता कपाट उत्तरेच्या भिंतीला आहे आणि खिडकीला जाड पडदा. पण पावसाळ्यात गोव्यातली दमट हवा वेगळाच हिशेब चुकता करते. कागद फुगून आवरणाला चिकटतो, पुठ्ठ्याच्या बाह्यवेष्टनाला कसर लागते. मी प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि गणपतीनंतर सगळे बाहेर काढून पुसतो. ज्यांना बाह्यवेष्टन जपायचे आहे त्यांनी ते डबीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवू नये, आत अडकलेला ओलावा जास्त नुकसान करतो.

ठिपका

स्टीलबुकबद्दल, म्हणजे पत्र्याच्या डबीतल्या आवृत्त्यांबद्दल, अजून कुणीच बोलले नाही? माझ्याकडे साठेक आहेत. पत्र्यावरची छपाई सुंदर असते, बहुतेक वेळा पुढच्या चित्रावर चित्रपटाचे नावही नसते, आणि कायद्याने किंवा जाहिरातीसाठी लागणारा सगळा मजकूर पाठीमागच्या सुट्या कागदावर ढकललेला असतो. तो कागद काढून टाकला की हाती निव्वळ चित्र उरते. त्या एका कारणासाठी मी जास्त पैसे देतो. उणे बाजू अशी की उलटायला दुसरी बाजू नाही आणि एकदा पोचा आला की तो कोणत्याही उपायाने जात नाही. टपालाने मागवलेल्या दर चारपैकी एकाला माझ्याकडे पोचा असतोच. घरात एकटा संग्राहकच राहतो का, या बोरीबंदर यांच्या शंकेवर : माझी मुलगी स्टीलबुकांना 'बिस्किटांचे डबे' म्हणते आणि आत कोणते चित्रपट आहेत हे तिने अजून विचारलेले नाही.

निळी शाई, मुंबई

मांडवीतीर, हो, माझे नाव त्यावरूनच घेतले आहे. उन्हात शेवटपर्यंत टिकणारी.

जुना प्रोजेक्टर, दुमडलेल्या कोपऱ्यासाठी एक उपाय करून पाहा. कागद बाहेर काढून पालथा घाला, घडीवर बटर पेपरचा तुकडा ठेवा आणि चमच्याच्या गोल पाठीने बाहेरून आत असे हळूहळू घासा. थेट कागदावर घासले तर चकाकी जाते. नंतर रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. घडी पूर्ण जाणार नाही, पण पांढरी रेघ मवाळ होईल. आणि पुन्हा सरकवताना डबी पूर्ण उघडी, सपाट ठेवा. बहुतेक लोक ती अर्धवट उघडतात आणि मग कोपरे दुमडतात.

कुणाला दोन्ही बाजू नकोच असतील तर मुखपृष्ठ स्वतः छापून घेणारेही पुष्कळ आहेत. दीडशे जीएसएमचा (चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर पुरतो, त्याहून जाड घेऊ नये, कण्याच्या घडीला तडे जातात.

जुना प्रोजेक्टर, पुणे

सर्वांचे आभार. विचार करून लिहितो म्हणालो होतो, पण विचार माझा न होता भाच्याचा झाला. तो सांगलीचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवार-रविवारसाठी आला होता. रात्री जेवणानंतर मी त्याला कपाटापुढे उभे केले आणि म्हटले, काढ एक, पाहू. त्याने नेमकी हीच डबी काढली. कणा गडद पिवळा आहे, बहुधा त्यामुळे.

मी पोस्टर बाहेर ठेवलेले होतेच. त्याने ते पाहिले आणि विचारले, "मामा, हा विनोदी आहे का?" पिवळी पार्श्वभूमी, बाईचा मोठा डोळा, गोलमटोल अक्षरे, त्याला त्यात भीतीचे काहीच दिसले नाही. मग डबी उघडल्यावर पारदर्शक प्लास्टिकमधून आतले नवे चित्र दिसले. काळोखी जिना, हातमोजा, सुरीची चमक. तो म्हणाला, "असं होय. मग हे बाहेर का नाही ठेवलं?" म्हणजे जे पोस्टर न पाहिलेल्याला भुलवण्यासाठी काढले होते त्याने आजच्या न पाहिलेल्याला चुकीची वाट दाखवली, आणि जे चित्र पाहिलेल्यांसाठी म्हणून काढले होते त्याने त्याला खुर्चीत बसवले. निळी शाई, तुमचा सिद्धांत माझ्या दिवाणखान्यात उलटा लागू झाला.

चित्रपट संपल्यावर मी त्याला पिवळ्या रंगाचे कारण सांगितले. इटलीत मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथांची एक माला पिवळ्या मुखपृष्ठांत काढली, ती इतकी वाचली गेली की तेथे रहस्यकथेलाच 'जाल्लो', म्हणजे पिवळे, असे म्हणू लागले आणि नंतर चित्रपटांच्या या प्रकारालाही तेच नाव पडले. पुस्तकांच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून नाव पडलेला असा दुसरा चित्रपटप्रकार निदान मला तरी ठाऊक नाही. १९७० च्या दशकात मिलानमधल्या माणसाने भिंतीवर तो पिवळा पाहिला की त्याला जे कळत होते, ते सांगलीच्या मुलाला आज कळण्याचे कारण नव्हते. त्याने पोस्टर पुन्हा हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "आता दिसतंय. तो डोळा दारामागच्या बाईचा आहे." मला इतक्या वर्षांत ते लक्षात आले नव्हते. मी तो डोळा नायिकेचा समजत होतो.

वाटसरू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर अजून देता येत नाही. रविवारी सकाळी पाहिले तर डबी जागेवर होती आणि कागद उलटलेला होता. नवे चित्र बाहेर, पोस्टर आत. मी विचारले तेव्हा भाचा म्हणाला, "ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी हे. आतलं आपल्यासाठी." मी त्यावर काही बोललो नाही. उलटताना त्याने खालचा उजवा कोपरा दुमडला आहे, आता दोन्ही सारखे झाले. आज बटर पेपर आणून बसतो.